३५ गुण : बार्न्सलीच्या एका हंगामाची गोष्ट

२६ एप्रिल १९९७, शनिवार. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या साऊथ यॉर्कशरमधल्या बार्न्सली गावात ओकवेल नावाचं मैदान आहे. त्या दिवशी तिथे बार्न्सलीने शेजारच्या ब्रॅडफर्ड सिटीला २-० असं हरवलं. शेवटची शिटी झाली आणि प्रेक्षक मैदानात उतरले. १८८७ साली एका पाद्र्याने चर्चच्या पोरांसाठी सुरू केलेला हा क्लब ११० वर्षांनी पहिल्यांदाच देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये जाणार होता.

त्या गर्दीतल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न पडणार होता. आता पुढे काय? आनंद खरा होता, पण मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल हेही तितकेच खरे होते. अशा वेळी चाहत्याने मनाची तयारी कशी करायची? किती हरणं चालवून घ्यायचं, आणि किती आशा बाळगायची?

आयपीएल बघत वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न तसा परका आहे. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये, त्याच थाटात खेळतो. इंग्लिश फुटबॉल म्हणजे शिडी आहे. प्रीमिअर लीगमध्ये वीस संघ असतात. दरवर्षी तळाचे तीन खालच्या लीगमध्ये जातात आणि खालून तीन वर येतात. वर येणं म्हणजे प्रमोशन, खाली जाणं म्हणजे रेलिगेशन. त्यामुळे तिथल्या चाहत्याला नुसता सामना हरण्याची भीती नसते, आपली जागा गमावण्याची भीती असते.

वाट बघायची सवय

बार्न्सलीला वाट बघण्याची सवय होती. १९१२ साली या क्लबने एफए कप जिंकला होता, तोही वेस्ट ब्रॉमविच अल्बियनशी फेरसामना खेळून. पण लीगमध्ये तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच पायरीवर होता. १९१४-१५च्या हंगामात संघ दुसऱ्या विभागात तिसरा आला. मग महायुद्धामुळे लीग थांबली. १९१९मध्ये पहिला विभाग वीस संघांवरून बावीसवर न्यायचं ठरलं आणि एका जागेसाठी क्लबांनी मतदान केलं. बार्न्सलीला ५ मतं मिळाली. आर्सेनलला मिळाली १८, आणि आर्सेनल त्या हंगामात बार्न्सलीच्या खाली होता! तेव्हा वर गेलेला आर्सेनल आजतागायत खाली आलेला नाही. पुढे १९२२मध्ये बार्न्सलीची संधी गोल सरासरीच्या केसभर फरकाने गेली. १९७०च्या दशकात तर क्लब चौथ्या विभागात खेळत होता.

म्हणजे अपेक्षा कमी ठेवायला या गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मैदानाबाहेरही तेच चाललं होतं. बार्न्सली हे कोळसा खाणींचं गाव. मार्च १९८४मध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध ब्रिटनच्या खाणकामगारांनी संप केला, त्याची ठिणगी जवळच्याच कॉर्टनवुड खाणीत पडली होती. वर्षभराने, मार्च १९८५मध्ये, कामगार काहीही पदरात न पडता कामावर परतले. त्यानंतर एकेक करून खाणी बंद झाल्या. बार्न्सलीच्या हद्दीतल्या ग्राइमथॉर्पची खाण १९९३ साली बंद पडली. गिरणी संपानंतरचं लालबाग-परळ ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

अशा गावाचा संघ १९९६-९७मध्ये अचानक देखणं फुटबॉल खेळू लागला. प्रशिक्षक डॅनी विल्सन यांच्या हाताखालचे खेळाडू जमिनीवरून छोटे छोटे पास देत खेळायचे. चाहत्यांनी एक गाणंच बांधलं आणि आपल्या संघाची तुलना थेट ब्राझीलशी केली. त्यात निम्मी थट्टा होती, निम्मा अभिमान. या दोन गोष्टी वेगळ्या न करता बोलणं हा यॉर्कशरचा स्वभाव. संघ ८० गुणांनी दुसरा आला आणि वर गेला. क्लबने गावातलाच कवी इयन मॅकमिलन याला क्लबचा कवी म्हणून नेमलं. फुटबॉल क्लबला कवी!

आपल्या ओळखीचा एक माणूसही या आनंदात होता. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर पंच म्हणून उभे असलेले डिकी बर्ड बार्न्सलीचेच. खाणकामगाराचा मुलगा आणि या क्लबचे आयुष्यभराचे चाहते. १९९६मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी पदार्पण केलं, तीच बर्ड यांची पंच म्हणून शेवटची कसोटी. पुढच्याच वर्षी त्यांचा क्लब वर गेला.

वरच्या मजल्यावरचा भाव

वर गेल्यावर फरक किती होता? १९९७-९८ हा टीव्हीच्या नव्या कराराचा पहिला हंगाम होता. चार हंगामांसाठी ६७ कोटी पौंड. हा पैसा वरच्या वीस क्लबांचा, खालच्यांना त्यातलं जवळजवळ काही नाही. न्यूकासलने १९९६मध्ये ॲलन शियररला दीड कोटी पौंडांना घेतलं होतं. बार्न्सलीने त्या उन्हाळ्यात स्वतःचा विक्रम मोडून मॅसेडोनियाचा गेओर्गी ह्रिस्तोव आणला, पंधरा लाखांना. म्हणजे एका शियररच्या किमतीत बार्न्सलीचे दहा विक्रम बसत होते.

हे चाहत्यांना कळत होतं. म्हणून हंगामाआधीचा सर्वसाधारण सूर असा होता : आपण बहुधा खाली येऊ, पण मजा करून येऊ. शहाणपणाचं धोरण होतं. अपेक्षा जमिनीवर ठेवली की पडल्यावर लागत नाही.

९ ऑगस्ट १९९७ला ओकवेलवर वेस्ट हॅमविरुद्ध पहिला सामना झाला. कर्णधार नील रेडफर्नने गोल केला. संघ १-२ हरला, पण कुणी निराश झालं नाही. तीन दिवसांनी क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर रेडफर्ननेच गोल करून १-० जिंकून दिलं. मग २४ ऑगस्टला चेल्सी आली आणि ६-० करून गेली. जान्लुका विआल्लीने एकट्याने चार मारले. तीन दिवसांनी बार्न्सलीने बोल्टनला २-१ हरवलं. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने पाच मारले, मँचेस्टर युनायटेडने सात.

अपेक्षा कमी ठेवण्याचं धोरण इथपर्यंत नीट चाललं. ०-७ हा आकडा भयानक आहे, पण तो दुखावत नाही. तिथे आपण जिंकू असं वाटलंच नव्हतं. असा पराभव वादळासारखा असतो, छप्पर गेलं तरी वादळावर राग धरता येत नाही.

धोरण बिघडवलं ते विजयांनी.

२२ नोव्हेंबरला बार्न्सली ॲनफील्डवर गेली आणि ॲश्ली वॉर्डच्या एकमेव गोलवर लिव्हरपूलला हरवून आली. नाताळाच्या सुमारास संघ तळाशीच होता, पण डोक्यात किडा शिरला होता. फेब्रुवारीत एफए कपच्या पाचव्या फेरीत युनायटेडला त्यांच्याच मैदानावर बरोबरीत रोखलं आणि २५ फेब्रुवारी १९९८ला ओकवेलवरच्या फेरसामन्यात ३-२ हरवलं. चारच महिन्यांपूर्वी ज्यांनी सात मारले होते, त्यांना. पाठोपाठ लीगमध्ये विम्बल्डन, ॲस्टन व्हिला आणि साउथॅम्प्टन, असे सलग तीन विजय. आता हिशोब सुरू झाले. उरलेले सामने किती, अजून किती गुण लागतील, कोण कुणाला हरवलं तर बरं.

ऑगस्टमध्ये ‘मजा करून येऊ’ म्हणणारा माणूस मार्चमध्ये कागद-पेन घेऊन बसला होता. अपेक्षा कमी ठेवता येते, हे खरं. पण ती ठेवलेल्या जागी राहत नाही.

२८ मार्च १९९८

त्या दिवशी लिव्हरपूल ओकवेलवर आलं. रेडफर्नने पहिला गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर लिव्हरपूलने बरोबरी साधली. उत्तरार्धात मायकेल ओवेनला पाडल्याबद्दल डॅरन बर्नार्डला रेड कार्ड. काही मिनिटांत क्रिस मॉर्गनलाही रेड कार्ड, तेही ओवेनवरच्याच फाउलसाठी. बार्न्सलीचे नऊ जण उरले आणि मैदान खवळलं. काही प्रेक्षक आत घुसले. पंच गॅरी विलर्ड काही मिनिटांसाठी मैदान सोडून आत गेले. परत आल्यावर खेळ सुरू झाला. नऊ खेळाडूंच्या बार्न्सलीने पेनल्टीवर २-२ केलं. आणि शेवटच्या मिनिटांत स्टीव्ह मॅकमनामनने लिव्हरपूलसाठी तिसरा गोल मारला. त्यानंतर डॅरन शेरिडनच्या रूपाने बार्न्सलीचा तिसरा खेळाडूही बाहेर गेला.

०-७ला जे गाव गात घरी आलं होतं, ते २-३ला असं का पेटलं?

कारण त्यांनी निकालाची अपेक्षा कमी ठेवली होती, वागणुकीची नव्हे. आम्ही लहान आहोत, आम्हाला हरवा, पण आम्हाला मोजा. बार्न्सलीच्या अनेकांना त्या दिवशी वाटलं की आपल्याला मोजलं गेलं नाही. ती कार्डं बरोबर होती की चूक, यावर अजून वाद होऊ शकतो. पण १९१९च्या पाच मतांपासून खाणींच्या टाळ्यांपर्यंतचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, ते अशा दिवशी केवळ रिप्ले बघून मत बनवत नाहीत.

नंतर संघ सावरला नाही. २ मे १९९८ला लेस्टरकडून ०-१ हरल्यावर रेलिगेशन निश्चित झालं. ३८ सामन्यांत १० विजय, ५ बरोबरी, २३ पराभव. खाल्लेले गोल ८२. गुण ३५. त्या वर्षी वर आलेले तिन्ही संघ, बार्न्सली, बोल्टन आणि क्रिस्टल पॅलेस, परत खाली गेले. प्रीमिअर लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. बोल्टन तर ४० गुण मिळवून, केवळ गोलफरकाने गेलं.

एका गुणाचा फरक

आता सुरुवातीच्या सामन्यातल्या दुसऱ्या संघाकडे येऊ. ज्या ब्रॅडफर्ड सिटीला हरवून बार्न्सली वर गेली, तो क्लब दोन वर्षांनी, १९९९मध्ये, स्वतः वर आला. १९९९-२०००च्या शेवटच्या दिवशी त्यांनी लिव्हरपूलला १-० हरवलं आणि ते वाचले. गुण किती? ३६. बार्न्सलीपेक्षा फक्त एक जास्त.

हे यश बघून अध्यक्ष जेफ्री रिचमंड यांनी त्या उन्हाळ्यात पैसा ओतला. बेनितो कार्बोने, डॅन पेट्रेस्कू अशी मोठी नावं आणि मोठे पगार. नंतर रिचमंड यांनी स्वतःच त्या सहा आठवड्यांना वेडेपणा म्हटलं. पुढच्या हंगामात ब्रॅडफर्ड २६ गुणांसह तळाला राहिलं. खाली गेल्यावर टीव्हीचा पैसा आटला, पगार तसेच राहिले. मे २००२मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला आणि २००७पर्यंत चौथ्या पातळीवर घसरला.

बार्न्सलीने तुलनेने हात आखडता ठेवला होता. म्हणून ती सुखरूप राहिली, असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान जुळली असती. तसं झालं नाही. २०००मध्ये वेम्बलीवरच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात बार्न्सली इप्सविचकडून २-४ हरली आणि परत वर जाण्याची संधी हुकली. २००२मध्ये ती तिसऱ्या पातळीवर गेली. त्याच वर्षी खालच्या लीगना पैसा देणारी आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी कोसळली आणि बार्न्सलीवरही दिवाळखोरीची कारवाई आली. जपून चालणाऱ्यालाही रस्ता खचला तर पडावं लागतं.

तरी दोन्ही क्लबांच्या पडण्यात फरक आहे, आणि वर आलेल्या कुठल्याही संघाच्या चाहत्याने तो ध्यानात ठेवावा असा आहे. बार्न्सलीच्या चाहत्याने आशा लावली, तेव्हा त्याने पणाला लावली ती स्वतःची झोप, आवाज आणि तिकिटाचे पैसे. ब्रॅडफर्डमध्ये एका माणसाच्या आशेने क्लबच पणाला लावला. चाहत्यांना ‘अपेक्षा आवरा’ असं सांगायला सगळेच पुढे असतात. पण चाहत्याच्या अपेक्षेने कुठला क्लब बुडत नाही. बुडतो तो अपेक्षेचा चेक लिहिणाऱ्याच्या सहीने.

आज ही दरी आणखी रुंद झाली आहे. २०२३-२४मध्ये ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, तर २०२४-२५मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन. सलग दोन वर्षं वर आलेले तिन्हीच्या तिन्ही संघ वर्षभरात परत खाली गेले. जे एकेकाळी अपवाद होतं, ते आता अंदाज म्हणून सांगता येतं. तरीही दर मे महिन्यात कुठल्यातरी गावात लोक मैदानात उतरतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि ऑगस्टची वाट बघतात.

बार्न्सली त्यानंतर प्रीमिअर लीगमध्ये परतलेली नाही. त्या क्लबच्या नावावर त्या लीगचा तो एकच हंगाम आहे : ३८ सामने, ३५ गुण, ॲनफील्डवरचा एक विजय. ओकवेलला जाणारे मात्र अजून तो मोजतात, आणि मोजताना ०-७ वगळत नाहीत.