झाडं न तोडता झालेलं मैदान

मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सपाट, मोकळी जमीन येते. झाडं मध्ये येत असतील तर आधी कुऱ्हाड, मग खेळ. पण एक खेळ असा आहे, ज्याला झाडं मध्ये आलेलीच हवी असतात. डिस्क गोल्फ.

खेळ सोपा आहे. फ्रिस्बीसारखी चकती फेकत फेकत, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. गोल्फसारखंच, पण कापलेली हिरवळ नको आणि महागड्या काठ्याही नकोत.

याचं पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियात, पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह या सार्वजनिक बागेत झालं. ते आखलं एड हेड्रिक यांनी. हे फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीतले. चकतीच्या पाठीवर ज्या गोल रेघा असतात, त्यांचं १९६७ चं पेटंट त्यांचंच. सुरुवातीला ओक ग्रोव्हमध्ये नुसते खांब होते. मग चकती खांबाला लागली की नाही, यावरून वाद! त्यातून साखळ्यांची टोपली आली, तिचं पेटंट १९७७ चं. साखळी खणकन वाजली की वाद मिटला. त्याआधी १९७६ मध्ये हेड्रिक यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन सुरू केली.

आता मुद्द्याचं. तिथे ओकची झाडं होती, तशीच ठेवली. झाड हाच अडथळा, त्याला वळसा घालून चकती कशी न्यायची हेच कसब. नियमही तसाच आहे: उभं राहताना झाडाची फांदी कमीत कमी हलेल अशीच जागा निवडायची. वाट मोकळी करायला फांदी मोडली तर दंड. थोड्या खर्चात, बाग न बिघडवता, सगळ्यांसाठी खेळ झाला.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. जुन्या झाडीतल्या मैदानावर खेळलात तर खाली बघा. फेकायच्या जागेवर आणि टोपलीभोवती गवताचं पातं नसतं. वर्षानुवर्षं पावलं पडून माती दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळं उघडी पडतात. फेकण्याच्या वाटेतल्या खोडांवर चकत्यांचे घाव दिसतात, साल निघालेली असते. झाड एका दिवसात पडत नाही, म्हणून कुणाला दोषही देता येत नाही.

उपाय फार महाग नाहीत. मुळांवर लाकडाच्या भुशा-तुकड्यांचा जाड थर, मोक्याच्या खोडांभोवती लाकडी आडोसा, आणि टोपलीची जागा अधूनमधून बदलायची, म्हणजे एका वाटेला विश्रांती मिळते. अनेक ठिकाणी हे काम खेळाडूच सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन करतात. पण सार्वजनिक बाग सांभाळणं ही त्यांची एकट्यांची जबाबदारी कशी? मैदान उद्घाटनाच्या दिवशी स्वस्त पडलं म्हणून पुढची पन्नास वर्षं फुकट चालेल, असा हिशेब बागेच्या मालकाने धरू नये.

हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. ओक ग्रोव्हमध्ये आजही लोक खेळतात. खेळ टिकला. आता ज्या सावलीत तो खेळला जातो, त्या सावलीसाठी दरवर्षी किती पैसे बाजूला ठेवले जातात, हे विचारायला हवं.

तुम्हाला काय वाटतं? अशा जागेची निगा कुणी राखायची?