कोन्याकची टूर ‘वाचायची’ कशी?

रिसर्च म्हणजे आर्काइव्हमध्ये बसून जुने कागद चाळणं, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. कागद लागतातच, पण जागासुद्धा एक सोर्स असते. पर्यटकांना दाखवली जाणारी जागा तर दुहेरी सोर्स असते. तिच्यात जुना इतिहास असतोच, शिवाय तो इतिहास आज कोणाला कसा सांगायचाय, हेही कळतं. आज असंच एक उदाहरण घेऊ.

नैऋत्य फ्रान्समध्ये शारांत नदीकाठी कोन्याक नावाचं गाव आहे. ‘कोन्याक’ ही ब्रँडी इथलीच. मार्तेल (१७१५), रेमी मार्तँ (१७२४), हेनेसी (१७६५) अशा जुन्या पेढ्या या परिसरात आहेत आणि त्या पर्यटकांना आपली तळघरं दाखवतात. आपण जाऊ कोन्याकच्या किल्ल्यात. १४९४ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा इथे जन्मला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हा किल्ला ओतार नावाच्या ब्रँडी व्यापाऱ्याकडे आला. जाड भिंती आणि नदीचा ओलावा या दोन्ही गोष्टी पिंपातली दारू मुरवायला सोयीच्या होत्या.

इथे तुम्ही आधी राजाच्या काळातली दालनं पाहता. अठराव्या शतकातल्या युद्धकैद्यांनी भिंतींवर कोरलेली नावं आणि जहाजं पाहता. मग ओकच्या पिंपांचं अंधारं, थंड तळघर येतं, शेवटी चव बघणं आणि दुकान. हा क्रम नीट बघा. राजापासून पेल्यापर्यंत सगळं एका सरळ रेषेत येतं, आणि बाहेर पडताना मनात एकच गोष्ट राहते: शतकानुशतकं अखंड चालत आलेली परंपरा.

आता रिसर्चरसारखा पहिला प्रश्न विचारा: इथे कोणी मुद्दाम न मांडलेला पुरावा कुठला आहे? कोन्याकमधल्या गोदामांच्या भिंती आणि छपरं बघा. ती काळी पडलेली दिसतात. तो धूर नाही, बुरशी आहे. पिंपातून दर वर्षी साधारण २ टक्के दारू हवेत उडून जाते. तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्या अल्कोहोलच्या वाफेवर ही बुरशी पोसते. १८७२ मध्ये बोद्वँ नावाच्या स्थानिक माणसाने तिची पहिली नोंद केली. पण तिचं वर्गीकरण चुकलं आणि ते तसंच चालत राहिलं. कॅनडातल्या व्हिस्कीच्या गोदामांजवळ अशीच काळी बुरशी दिसली, तिचा शोध घेता घेता २००७ मध्ये तिला ‘बोद्विनिया’ हे स्वतंत्र नाव मिळालं. म्हणजे भिंतीवर सगळ्यांना दिसत असलेल्या गोष्टीला नीट नाव मिळायला १३५ वर्षं लागली. ‘यावर आधीच काम झालंय’ असं कोणी म्हणालं की हे आठवा. काम झालेलं असतं, पण ते बरोबर झालंय का, हे तपासायचं राहिलेलं असू शकतं.

दुसरा प्रश्न: ही सरळ रेषा कुठे तुटते? ती तुटते १८७० च्या दशकात. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. या भागात द्राक्षाचं क्षेत्र सुमारे २,८०,००० हेक्टर होतं, ते १८९३ पर्यंत ४०,००० हेक्टरच्या आसपास आलं. उपाय सापडला तोही अमेरिकेतच, कारण तिथल्या रानवेली या किडीला दाद देत नव्हत्या. त्यांच्या मुळांवर फ्रेंच वेलींचं कलम करायचं ठरलं. पण कोन्याकची जमीन चुनखडीची. तिथे बऱ्याच अमेरिकी खुंटांना लोह मिळेना आणि पानं पिवळी पडू लागली. म्हणून १८८७ मध्ये प्येर व्हियाला या शास्त्रज्ञाला अमेरिकेत पाठवलं. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने चुनखडीत टिकणाऱ्या जाती मिळाल्या.

पुढचं आणखी महत्त्वाचं. आधी इथे मुख्यतः ‘फोल ब्लांश’ द्राक्ष होतं. कलमावर ते जोमाने वाढायचं, घड दाट व्हायचे आणि सडायचे. त्याची जागा ‘उन्यी ब्लां’ने घेतली. आज ९५ टक्क्यांहून जास्त लागवड तिचीच आहे. कोन्याक कुठल्या भागात बनवायची, याची कायदेशीर हद्दसुद्धा १९०९ ची आहे. म्हणजे बाटलीवर वर्ष अठराव्या शतकातलं, पण आतलं द्राक्ष, त्याचं मूळ आणि कायद्यातली हद्द, तिन्ही या संकटानंतरची.

याचा अर्थ टूर खोटं सांगते, असा नाही. पेढी जुनी आहेच. भट्टीची तांब्याची भांडी आणि दोनदा ऊर्ध्वपातन करण्याची रीतही जुनी आहे. फक्त ‘परंपरा’ या एका शब्दाखाली काय टिकलं आणि काय बदललं, हे वेगवेगळं मोजायला हवं. हे मोजणं हेच आपलं काम.

हे फार लांबचं वाटत असेल तर नाशिक-सांगलीकडची द्राक्षबाग आठवा. आपले शेतकरी ज्या ‘डॉगरीज’ खुंटावर कलम करतात, तोही टेक्सासमधलाच आणि मन्सन यांनीच निवडलेला. आपल्याकडे तो कीड टाळायला नाही, तर खारं पाणी आणि दुष्काळ सोसायला आला. तरी ‘आमची पिढीजात बाग’ म्हणताना त्या मुळाची आठवण आपल्याला तरी कुठे येते?

म्हणून फील्डवर जाल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: मला काय दाखवलं, न दाखवता काय दिसलं आणि मध्ये काय तुटलं होतं. पहिला रकाना गाईड भरून देईल. दुसऱ्यासाठी डोळे उघडे ठेवा. तिसऱ्यासाठी मात्र लायब्ररीत बसावं लागेल, आणि बऱ्याचदा थिसिसचा प्रश्न तिथेच सापडतो.