हीटरवाद्यांना उत्तर

थंड मुलुखात घरामागे काचघर उभारून त्यात लिंबू, संत्रं, आंबा, पेरू लावणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे, आणि त्यांत मराठी माणसंही आहेत. टोरांटो असो की न्यू जर्सी, सुरुवात कढीपत्त्याच्या कुंडीने होते आणि मजल आंब्याच्या कलमापर्यंत जाते. या मंडळींमध्ये एक मत जवळजवळ सर्वमान्य आहे. उष्ण प्रदेशातल्या झाडाला मारते ती थंडी. म्हणून बाहेर बर्फ पडत असताना आत बावीस अंश राखता आले की झाली रत्नागिरी तयार. पानं गळली तर ऊब कमी पडली. फूल आलं नाही तरीही ऊबच कमी पडली. निदान एक आणि औषधही एकच: आणखी मोठा हीटर.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर त्यातलं खरं आधी मान्य केलं पाहिजे. पाणी गोठण्याच्या खाली पारा गेला की पपई कोलमडते, कोवळं आंब्याचं कलम जळतं, लिंबाचं फळ उणे दोन-तीन अंशांना बिघडतं. नुसत्या काचेने रात्री फारसं काही वाचत नाही; दिवसा साठलेली ऊब पहाटेपर्यंत बाहेर निघून जाते. तेव्हा झाड गोठू नये एवढी आच द्यावीच लागते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. गोठणं वाईट, म्हणून जितकी ऊब जास्त तितकं बरं, हे अनुमान सरळ दिसतं आणि तिथेच घसरतं.

हे अनुमान तपासायला ऊब फुकट आहे असा देश हवा. तो आहे: आइसलँड. ह्वेराग्येर्दीजवळ रेकिर इथल्या काचघरात केळी गेली कित्येक दशकं वाढताहेत. जमिनीतून येणारं गरम पाणी नळांतून फिरतं, त्यामुळे उबेला तोटा नाही. हीटरवाद्यांचं म्हणणं खरं असेल तर इथे जळगावला लाजवील असं पीक यायला हवं. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशात काही महिन्यांत तयार होणारा घड तिथे दीड-दोन वर्षं घेतो. कारण काचेच्या वर आहे. डिसेंबरात त्या अक्षांशावर दिवस जेमतेम चार तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अडीच-तीन अंश वर. (आइसलँड हा युरोपातला सर्वांत मोठा केळी-उत्पादक देश आहे, ही गोष्ट अजून मोठ्या चवीने सांगितली जाते. सांगणाऱ्यांनी स्पेनच्या कॅनरी बेटांकडे एकदा पाहावं.) १९६० साली आयात फळांवरचं शुल्क उठलं आणि आइसलँडमधल्या केळीचा व्यापार आटोपला. रेकिरची केळी तिथली माणसंच खातात.

टोरांटो काही इतकं वर नाही. पण तिथेही डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य सुमारे २३ अंशांवर असतो आणि दिवस नऊ तासांपेक्षा थोडा कमी. रत्नागिरीत त्याच दिवशी तो जवळजवळ ५० अंशांवर, आणि दिवस अकरा तासांचा. नुसत्या कोनामुळे सपाट जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला मिळणारं ऊन निम्म्यावर येतं. त्यातून ढगाळ हवा, चौकटी, धूळ आणि पॉलिकार्बोनेट मिळून उरलेल्याचा तिसरा हिस्सा तरी खातात. एवढ्या प्रकाशात झाड जी साखर बनवील तेवढीच त्याची कमाई. खर्च मात्र तापमान ठरवतं: दर दहा अंशांना श्वसन साधारण दुप्पट होतं. रात्री पंधरा तास बावीस अंश ठेवणारा माणूस झाडाची मिळकत न वाढवता खर्च वाढवून ठेवतो. झाड मग साठ्यातून घेतं. लांब, फिकट, लुळे फुटवे येतात, त्यांना मावा आणि पिठ्या ढेकूण लगेच शोधून काढतात, आणि मालक समाधानाने म्हणतो, बघा, हिवाळ्यातसुद्धा कशी वाढतेय.

उलट बाजूचा दाखला व्हर्सायचा. चौदाव्या लुईसाठी मांसारने १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली ती नारिंगशाळा काचघर नव्हेच. दगडी कमानींची, दीडशे मीटरहून लांब अशी ती दालनं. छप्पर दगडी, उजेड फक्त दक्षिणेच्या खिडक्यांतून. ऑक्टोबरात लाकडी पेट्यांतली झाडं आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. आत तापमान गोठण्याच्या थोडं वर, पाच-आठ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही एवढंच पाहिलं जातं. म्हणजे सात महिने मंद उजेड आणि मंद गारवा. आज तिथे हजाराहून अधिक झाडं आहेत, आणि त्यांतली काही दोनशे वर्षांपलीकडची. नारिंगाला अंधूक जागा मारत नाही आणि गारवाही मारत नाही. अंधूक जागेत ऊब मिळाली, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा मेळ सुटला, की मात्र ते खंगतं.

तिसरं ठिकाण इटलीतलं गार्दा सरोवर, ४५ अंश उत्तरेच्याही वर. लिमोने आणि गार्न्यानो या गावांतल्या लिंबशाळा म्हणजे डोंगरउतारावरच्या पायऱ्या, उत्तरेला उंच भिंत आणि समोर दगडी खांबांच्या रांगा. हिवाळा आला की खांबांवर फळ्यांचं छप्पर चढवायचं, दर्शनी बाजूला काचा लावायच्या, आणि अगदी कडक रात्र आली तरच आत शेकोट्या पेटवायच्या. गटे १७८६ साली नावेतून जाताना या बागा पाहून गेला. इथली लिंबं आल्प्स ओलांडून जर्मनीत जात. सरोवरावरचं ऊन भरपूर, आच फक्त नडीपुरती, आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चालला. पुढे तो मोडला त्यात झाडांच्या रोगाचा हात होता आणि दक्षिण इटलीतल्या स्वस्त लिंबांचाही.

फळांच्या बाबतीत हीटरवाद आणखी एका ठिकाणी आपटतो, आणि ते ठिकाण आपल्या ओळखीचं आहे. कोकणातला बागायतदार नोव्हेंबर-डिसेंबरात कशाची वाट पाहतो? थंडीची. रात्रीचा पारा १५ ते १८ अंशांच्या आसपास उतरला की हापूसला मोहोर फुटतो. थंडी लांबली तर त्याच डोळ्यांतून तांबूस पालवी येते आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. पालवी दिसायला सुंदर, पण त्या काडीवर त्या हंगामाचा आंबा गेला. झाडाची वाढ आवरावी म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने पावसाळ्यातच कल्टार दिलं जातं ते याचसाठी. म्हणजे आंब्याच्या मायदेशात लोक पैसे मोजून झाडाची वाढ थांबवतात, आणि मिशिगनमध्ये निसर्ग तेच काम फुकट करून देत असताना माणूस हीटर लावून ते हाणून पाडतो! अशा काचघरातला आंबा बारा महिने हिरवागार असतो. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मोहोर येत नाही.

संत्र्याचंही तेच. नागपूर-अमरावतीकडे आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात. मृग बहार धरणारे मे महिन्यात देतात. ताणाने झाडाची वाढ थबकते, मग पाणी सोडलं की फुलं निघतात. लिंबूवर्गातल्या झाडाला फुलण्यासाठी असा थांबा लागतो, आणि तो दोन वाटांनी मिळतो: पाणी तोडून, नाहीतर काही आठवडे वीस अंशांच्या खाली राहून. थंड देशातल्या काचघराकडे दुसरी वाट आयती आहे. विदर्भातला शेतकरी जमीन भेगाळेपर्यंत वाट पाहून जे मिळवतो ते इथे थर्मोस्टॅट खाली केल्याने मिळतं. तरी तो वर केला जातो.

आता पानगळीकडे येऊ, कारण हीटरवाद्यांचा खरा आधार तोच आहे. डोळ्यांसमोर गळणाऱ्या पानांपुढे माणूस युक्तिवाद ऐकत नाही. फेब्रुवारीतली एक लख्ख सकाळ घ्या. बाहेर उणे आठ, आभाळ निळंशार, काचघरातली हवा दहा वाजेपर्यंत सव्वीस अंशांवर. लिंबाची पानं होडीसारखी आत वळलेली, खाली झुकलेली. मालकाला वाटतं तहान लागली. तो पाणी घालतो. माती आधीच ओली आहे. त्याच मातीत थर्मामीटर खुपसला तर काटा सातावर थांबतो. कुंडी रात्रभर गार फरशीवर होती, आणि ओल्या मातीला तापायला हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. साधारण तेरा अंशांखाली लिंबाची मुळं जवळजवळ काम थांबवतात. वर पानं उन्हात पाणी उडवताहेत, खाली मुळं ते ओढू शकत नाहीत. आठवड्याभरात पानं हिरवीच गळतात. मालक हीटर वाढवतो, हवा आणखी तापते आणि कोरडी होते, माती तिथेच राहते, आणि उरलेली पानंही जातात. तिसऱ्या दिवशी कोळीही दिसू लागतो, कारण कोरडी उबदार हवा त्याला फार मानवते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही हवा तापवण्याचे नाहीत. एक म्हणजे सगळंच गार ठेवणं: उन्हाच्या बाजूला पांढरा पडदा, दुपारी झडप उघडी, हवा आणि माती दोन्ही पाच-दहा अंशांत. हा व्हर्सायचा मार्ग. दुसरा म्हणजे मुळांना ऊब देणं: कुंडीखाली थर्मोकोल किंवा लाकडी फळी आणि तापणारी चटई किंवा तार. हेही नवं नाही. अठराव्या शतकात इंग्लंड आणि हॉलंडमधले माळी अननस पिकवत ते काचेखालच्या खड्ड्यांत ओकच्या सालीचा चुरा भरून. चामडं कमावण्याच्या कारखान्यातून आणलेली ती साल आंबताना महिनोन्‌महिने मंद, सारखी उष्णता देई, आणि कुंड्या तिच्यात गळ्यापर्यंत रोवलेल्या असत. शेणखताची आच भडकते आणि लवकर विझते, म्हणून साल. त्या माळ्यांजवळ वनस्पतिशास्त्राची पदवी नव्हती, पण आच खालून द्यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजचा पंख्याचा हीटर गरम हवा छपराला नेऊन चिकटवतो.

पैशांचा हिशोबही एकदा मांडून पाहावा. तीन बाय चार मीटरचं काचघर, भिंती आणि छप्पर मिळून सुमारे ४५ चौरस मीटर, दुपदरी पॉलिकार्बोनेट. प्रत्येक चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला साधारण तीन वॅट बाहेर जातात. बाहेर शून्य अंश असताना आत ५ ठेवले तर दिवसाला १६ युनिट. २० ठेवले तर ६५. फटींतून जाणारी हवा आणि दिवसाचं ऊन यात धरलेलं नाही, तरी प्रमाण चौपटीच्या खाली येत नाही.

यावर कोणी म्हणेल, इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थचं काय? तिथे ड्यूकच्या पदरी असलेल्या पॅक्स्टन या माळ्याने जगभरची झाडं उबेतच वाढवली ना? वाढवली, आणि त्याचं कौतुकच आहे. १८३५ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे केळ फुलली आणि पुढल्या मे महिन्यात घड तयार होता. ज्या ड्यूकच्या कॅव्हेंडिश घराण्याचं नाव तिला मिळालं त्याच गटातली बसराई आणि ग्रँड नैन आज खानदेशात पिकते. पण तो घड तयार झाला तो वसंतातल्या वाढत्या दिवसांत. आणि नंतर पॅक्स्टनने बांधलेलं प्रचंड काचघर आठ बॉयलरांवर चाले. कोळसा भुयारी रुळांवरून आत येई. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, १९२० साली इमारतच पाडून टाकावी लागली. निव्वळ उबेवर उभं केलेलं असं एका हिवाळ्याच्या तुटवड्याने बसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उजेड कमी आहे तर एलईडी लावा. हे मला मान्य आहे, कारण हा आक्षेप घेणारा मूळ मत सोडून माझ्या बाजूला आलेला आहे. शिवाय दिव्यात घातलेली वीज शेवटी उष्णता होऊनच काचघरात राहते. तेव्हा ज्याच्याजवळ खर्चायला शंभर युनिट आहेत त्याने ती आधी दिव्यात घालावीत. आच आपोआप मिळेल. हीटरमधून उजेड मिळत नाही.

झाडांची निवडही हीटरपेक्षा जास्त काम करते. फ्रँक मेयरने १९०८ साली बीजिंगहून अमेरिकेत नेलेलं लिंबू चीनमध्ये कुंडीतच वाढवलं जाई. ते गारव्याला आणि कुंडीला दोन्हीला सरावलेलं. सात्सुमा संत्रं तिपानी नारिंगाच्या खुंटावर बांधलं तर थोडं हिमही सोसतं आणि परागीकरणावाचून फळतं. विदर्भात जंबेरीचा खुंट वापरतात तो तिथे योग्यच आहे, पण तो मुळांना झोपू देत नाही. थंड देशात झोपणारा खुंट हवा.

राहता राहिली केळ, पपई, फणस. यांच्या मुलखात थंडीचा थांबा असा नाहीच. केळ चौदा-पंधरा अंशांखाली पान उघडेनाशी होते; पपईची मुळं गार ओल्या मातीत कुजतात. यांच्याबाबत हीटरवादी बरोबर आहेत, अर्धे. यांना ऊब विकत घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर उजेडही, दोन्ही एका मापाने. ज्याला परवडतं त्याने त्यांच्यासाठी काचघराचा एक कोपरा प्लास्टिकच्या पडद्याने बंद करावा, दिवे आणि खालची चटई तिथेच ठेवावी, आणि लिंबू-संत्र्यांना पडद्याच्या या बाजूला सात-आठ अंशांवर राहू द्यावं.