तोतया आता फोनवरून येतो

माझे आजोळ रत्नागिरीचे. सुटीत मामूंबरोबर आम्ही पोरे रत्नदुर्गावर जायचो. वाऱ्याने टोप्या उडत, आणि मामू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "इथं खोटा भाऊ कोंडला होता." भाऊ खोटा कसा असतो, हे काही आम्हाला कळत नसे.

पुढे इतिहास वाचला तेव्हा कळले. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पण पुण्याच्या मनातून ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. ज्यांची माणसे परतली नव्हती अशी घरे तर गल्लोगल्ली होती. सगळ्यांचे कान दाराकडे लागलेले. अशा वेळी बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. पेशव्यांनी चौकशी केली, त्याला खोटा ठरवले आणि कैदेत टाकले.

गोष्ट तिथेच संपायची, पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला सोडवून गादीवर बसवले. सुभेदारासारखा मोठा माणूस मुजरा करतो म्हटल्यावर सामान्य माणूस कशाला शंका घेईल? बघता बघता हजारो माणसे मिळाली, कोकणातले किल्ले गेले, तोतया बोरघाट चढून वर आला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला मागे रेटले. तो मुंबईला पळू पाहत होता, पण राघोजी आंग्रे यांनी त्याला पकडून पुण्याला धाडले. तिथे त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई त्यानंतरही, १७८३ पर्यंत, जगल्या. त्या दिवसांत त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याचा हिशेब कुठल्या दप्तरात मिळायचा?

हे सगळे मला परत आठवले ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आपा एकटी राहते, मुलगा आखातात. एका दुपारी तिला फोन आला. बोलणारा म्हणाला, मी पोलीस अधिकारी, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका. मागून रडण्याचा आवाज आला, "अम्मी!" आपाने शेजारच्या पोराकडून चाळीस हजार रुपये पाठवले. मुलगा त्या वेळी कामावर होता, फोन लॉकरमध्ये. मी रागावून विचारले, "आवाज ओळखला नाहीस?" ती म्हणाली, "रडताना सगळी पोरं सारखीच रडतात रे." माझ्याकडे उत्तर नव्हते.

सुखनिधानाचे भांडवल लोकांची आशा होती, फोनवरच्या माणसाचे भांडवल भीती. सुभेदाराचे काम आता खाकी गणवेश आणि भिंतीवरचा शिक्का करतात; व्हिडिओ कॉलवर ते दाखवले की काम भागते. या प्रकाराला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. कुठलाही पोलीस, न्यायाधीश किंवा सीबीआयवाला फोनवरून अटक करत नाही आणि सुटकेसाठी खात्यात पैसे मागत नाही.

माणूस खरा की खोटा, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न सरकारलाही जुनाच. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, उद्या 'सही माझी नाही' म्हणू नये म्हणून. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शनवाल्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणी पेन्शन उचलत असे! १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीचे डोके अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे; पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, 'हेन्री'. असो.

वाटले होते, अंगठा तरी कुणी चोरणार नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीकृत कागदांवरचे ठसे रबरावर उतरवले आणि त्यावर हजारो सिमकार्डे चालू केली. म्हणून आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती बँकेच्या माणसालाही द्यायची नसते. पैसे गेलेच, तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. आपाने लाजेने तीन दिवस कुणाला सांगितले नव्हते. तिचे पैसे मिळाले नाहीत.

आता यंत्र आवाजाचीही हुबेहूब नक्कल करते, हे तिला कुणीतरी सांगितले आहे. त्यामुळे मुलाचा फोन आला की ती आधी विचारते, "आपल्या लंगड्या बकरीचं नाव काय होतं?" परवा त्याला ते आठवेना. तो चिडला, "अम्मी, मीच आहे!" आपाने फोन ठेवून दिला. मग वहीत लिहिलेला त्याचा नंबर शोधून स्वतःच लावला.