धावण्याकडून शक्तिव्यायामाकडे : ताट कमी नको, ताटातले बदला

वर्षानुवर्षे रस्त्यावर किंवा ट्रेडमिलवर धावणारी अनेक मंडळी चाळिशीच्या आसपास वजने उचलण्याकडे वळतात. कुणाचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात, कुणाला डॉक्टरांनी हाडांची काळजी घ्यायला सांगितलेले असते, तर कुणाला वाढत्या वयात स्नायू टिकवायचे असतात. निर्णय योग्यच आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

या बदलात आहाराचे गणित मात्र अनेकदा फसते. धावणे कमी झाले म्हणजे कॅलरी कमी जळणार, तेव्हा जेवणही कमी करावे, असा सरळ विचार केला जातो. दोन-तीन महिने नेमाने व्यायाम होतो, पण उचलण्याची वजने वाढत नाहीत, थकवा जात नाही आणि ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असा निष्कर्ष काढून जिमचे सदस्यत्व सोडले जाते. उणीव बहुधा व्यायामात नसते, ताटात असते.

ऊर्जेचा हिशेब

धावताना खर्च होणारी ऊर्जा ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी असते. ६५ किलो वजनाची व्यक्ती आठवड्याला ४० किलोमीटर धावत असेल, तर सुमारे २,६०० किलोकॅलरी, म्हणजे रोज सरासरी ३७० किलोकॅलरी खर्च होतात. तासाभराच्या शक्तिव्यायामात साधारण २५० किलोकॅलरी खर्च होतात असे धरल्यास, आठवड्यातील तीन सत्रांचा रोजचा सरासरी खर्च सुमारे ११० भरतो. रोजचा फरक झाला २६० किलोकॅलरींचा.

हा फरक कापून टाकण्याचा मोह होतो. पण नवा स्नायू याच फरकातून घडायचा असतो. शक्तिव्यायामाचे मुख्य काम जिममधून बाहेर पडल्यावर सुरू होते. ताणलेल्या स्नायूंची दुरुस्ती आणि बांधणी पुढील एक-दोन दिवस चालते आणि तिला ऊर्जा व कच्चा माल दोन्ही लागतात. वजन फार नसलेल्या व्यक्तीने स्नायूवाढीसाठी रोजच्या गरजेपेक्षा १० ते २० टक्के अधिक ऊर्जा घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. म्हणून धावण्याच्या काळात ज्यांचे वजन स्थिर होते, त्यांनी पूर्वीइतकेच खात राहिले तरी आवश्यक ती जादा ऊर्जा आपोआप मिळते. जे आठवड्याला १५-२० किलोमीटरच धावत होते, त्यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. त्यांनी रोज १५० ते २०० किलोकॅलरी वाढवाव्यात.

प्रथिने किती हवीत

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शिफारस केलेले प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. ते सामान्य आरोग्यासाठी आहे. शक्तिव्यायामाविषयीच्या ४९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवल्याचा लाभ दिसला. त्यापुढे सरासरी लाभ फारसा वाढला नाही. ६५ किलोच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण होते सुमारे १०४ ग्रॅम.

आता नेहमीचे शाकाहारी मराठी ताट पाहू. सकाळी पोहे; दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात; संध्याकाळी चहा-बिस्किटे; रात्री पुन्हा पोळी-भाजी, आमटी आणि वाटीभर दही. यातून ढोबळमानाने ५० ते ५५ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर शिजलेल्या वरणात ती ६-७ ग्रॅमच असतात. ‘आम्ही रोज डाळ खातो’ एवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

उरलेले ५० ग्रॅम भरून काढण्यासाठी पावडरच हवी असे नाही. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, पाणी काढलेल्या घट्ट ग्रीक दह्याच्या २०० ग्रॅममध्ये १८ ते २०, पेलाभर दुधात ८ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मांसाहारी व्यक्तींना १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीतून सुमारे ३० आणि तेवढ्याच मासळीतून २० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. हे पदार्थ ताटात वरून ओतायचे नाहीत. बिस्किटे, फरसाण, तिसरी-चौथी पोळी यांच्या जागी ते आले पाहिजेत. सारी प्रथिने रात्रीच्या जेवणात न घेता तीन-चार वेळांत, दर वेळी २० ते ३० ग्रॅम अशी विभागणे सोयीचे आणि उपयुक्त ठरते.

भात-पोळी शत्रू नव्हे

प्रथिने वाढवताना अनेकजण भात-पोळी पूर्ण बंद करतात. वजने उचलताना स्नायू प्रामुख्याने त्यांच्यात साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतात आणि तो साठा कर्बोदकांतून भरतो. आठवड्यातून तीन-चार सत्रे करणाऱ्यांना दर किलो वजनामागे रोज ३ ते ५ ग्रॅम कर्बोदके साधारणतः पुरतात. कार्यालयातून थेट जिमला जाणाऱ्यांनी तास-दीड तास आधी केळे आणि दही, किंवा थालीपीठाचा तुकडा खाल्ला, तरी सत्राचा दर्जा बदलतो.

उपवासाचे दिवस वेगळे योजावे लागतात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीला जे काही मिळते ते दाण्याच्या कुटातून. एकादशी-चतुर्थीला दूध, दही, पनीर, राजगिरा आणि दाणे यांचा आधार घ्यावा. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी जड सत्र ठेवू नये.

भारतीय शरीराचा विशेष

‘भरपूर खा’ हा सल्लाही आपल्याकडे जपून द्यावा लागतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी वाढीव जोखमीची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते, ती याच कारणाने. म्हणून स्नायू वाढवणे आपल्याला अधिक गरजेचे आहे, आणि जादा ऊर्जा बेताची ठेवणेही तितकेच. ज्यांच्या पोटावर आधीच चरबी साठलेली आहे, त्यांनी कॅलरी न वाढवता केवळ प्रथिने वाढवली, तरी सुरुवातीच्या महिन्यांत स्नायू वाढू शकतात.

दोन्ही व्यायाम चालू ठेवायचे असल्यास

अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ शक्तिव्यायाम करणाऱ्यांची ताकद अखेरपर्यंत वाढत गेली. त्याबरोबर सहनशक्तीचा जोरदार व्यायामही करणाऱ्यांची वाढ सातव्या-आठव्या आठवड्यानंतर थांबून घसरू लागली. त्यांचे वेळापत्रक मात्र अतिशय कठोर होते. आठवड्याला दोन-तीन हलक्या धावांनी असे नुकसान होण्याची भीती फारशी नाही; पण त्या धावांची ऊर्जा वेगळी मोजून आहारात भरलीच पाहिजे.

कमी खाणे कसे ओळखावे

व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या उरलेल्या कामांसाठी किती ऊर्जा शिल्लक राहते, हा खरा प्रश्न आहे. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० किलोकॅलरींपेक्षा कमी शिल्लक ही सामान्यतः धोक्याची रेषा मानतात. चरबी वगळता ४२ किलो वजन असलेली स्त्री १,७०० किलोकॅलरी खाऊन ४५० व्यायामात खर्च करत असेल, तर ती या रेषेच्या किंचित खाली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ या अर्थाचे नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, वारंवार सर्दी-पडसे, सतत थंडी वाजणे, झोप बिघडणे, कामेच्छा घटणे, हाडांना सूक्ष्म भेगा पडणे ही तिची लक्षणे होत. पाळी थांबल्यास ‘व्यायामामुळे असेल’ म्हणून न सोडता डॉक्टरांना भेटावे.

प्रगती मोजण्यासाठी आठवड्याचे सरासरी वजन, कमरेचा घेर आणि उचललेल्या वजनांची वही एवढे पुरे. ६५ किलोच्या व्यक्तीचे वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅमने वाढणे योग्य. पहिल्या पंधरवड्यात किलोभर वाढले तर घाबरून जेवण कमी करू नये; दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, त्याचा तो परिणाम असू शकतो. महिन्याभरात कंबर वाढली आणि ताकद वाढली नाही, तर खाणे थोडे आवरावे. ताकदही नाही आणि वजनही नाही, तर ताट वाढवावे.

मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ ही कायद्याने संरक्षित नोंदणीकृत पदवी आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ हे संबोधन तसे नाही. सल्लागार निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा.