स्मरणरंजन : दिलासा आणि चकवा

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाला मराठीत ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द रूढ झाला असला, तरी मूळ शब्दात रंजनापेक्षा वेदनाच अधिक आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे लिहिलेल्या प्रबंधात ‘नोस्टोस’ (घरी परतणे) आणि ‘अल्गोस’ (वेदना) या ग्रीक शब्दांपासून तो घडवला. मायभूमीपासून दुरावलेल्यांना जडणारा हा आजारच होय, असे त्याचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील यादवी युद्धातही (१८६१-६५) लष्करी डॉक्टर सैनिकांमध्ये या आजाराची नोंद करीत.

आज ही भावना आजार मानली जात नाही. साउदम्प्टन विद्यापीठातील टिम वाइल्डशुट, कॉन्स्टँटिन सेडिकिडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की एकटेपणा वा खिन्नता दाटून आली की मन भूतकाळाकडे वळते. आणि त्या आठवणींतून आपण कोणाचे तरी आहोत, ही जाणीव पुन्हा बळावते. नोकरी, स्थलांतर, आप्तांचा वियोग अशा वळणांवर प्रौढ माणसाला मिळणारा हा दिलासा खोटा नसतो.

चकवा आहे तो स्मृतीच्या स्वभावात. उतारवयात माणसाला साधारणतः दहा ते तीस या वयातील प्रसंग अधिक आठवतात. त्यामुळे ‘आमचा काळ’ चांगला होता असे म्हणताना पुष्कळदा आपले तारुण्य चांगले होते, एवढेच सांगायचे असते. शिवाय, प्रवासासारखे अनुभव प्रत्यक्षात जेवढे सुखद वाटले, त्याहून नंतर अधिक सुखद भासतात, हेही मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिले.

मुंबईतील चाळ हे याचे बोलके उदाहरण. विसाव्या शतकाच्या विशीत सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. शौचालये मजल्यावर सामाईक. पुनर्विकासात तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना असून, वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. उघडी दारे, गणेशोत्सव, शेजाऱ्याच्या घरची वाटी, या आठवणी खऱ्याच आहेत. परंतु पहाटेचे पाणी भरणे, शौचालयासमोरची रांग आणि आडोशाचा अभाव हेही तितकेच खरे होते, आणि त्याचा मोठा भार घरातील स्त्रियांवर पडे. ‘चाळीत किती मजा होती’ हे वाक्य घरातील प्रत्येकाच्या तोंडी सारखे शोभत नाही.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले : हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारे आणि हरपल्याची हुरहुर जपत त्याविषयी विचार करणारे. पहिला प्रकार वर्तमानावर रुसतो. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ ही तक्रार मुलांच्या कानी सतत पडू लागली, की संवादच खुंटतो. समाजाच्या पातळीवर तर काल्पनिक सुवर्णयुगासाठी आजच्या माणसांना दोषी ठरवले जाते.

दुसरा प्रकार मात्र आठवणीला प्रश्न विचारतो : तेव्हा नेमके काय सुखाचे होते, आणि ते कोणाच्या कष्टावर? उत्तर शेजार असे आले, तर चाळ परत आणण्याची गरज नाही. नव्या इमारतीतील समोरच्या दारावर टकटक करता येते. आठवण तेवढे करण्यास भाग पाडत असेल, तर ती औषध ठरते.