बोअरचे पाणी आणि फ्लोराइड

गावाच्या पिण्याच्या पाण्यात दोषाच्या वाटा मुख्यतः दोन असतात. रोगजंतू वरून येतात: विहिरीचा कठडा फुटलेला, शेजारी शोषखड्डा, पहिल्या पावसाचे ओहळ. त्यांचा परिणाम जुलाब, विषमज्वर किंवा काविळीच्या रूपाने काही दिवसांत वा आठवड्यांत दिसतो, म्हणून गाव हलते, ग्रामपंचायत टीसीएल (जंतुनाशक) पावडर टाकते. दुसरा दोष खालून, खडकातून येतो आणि तो कळायला वर्षे जातात. (खतांतून व सांडपाण्यातून येणारे नायट्रेट रासायनिक असूनही वरूनच झिरपते.)

1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात हातपंप गावोगाव पोहोचले. खोल बोअरचे पाणी जीवाणूंच्या दृष्टीने उघड्या विहिरीपेक्षा बरेच सुरक्षित, हे खरेच. पण पाणी जितके खोल, तितका त्याचा खडकाशी सहवास दीर्घ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. चंद्रपूरसारख्या पूर्वेकडील जिल्ह्यांत मात्र ग्रॅनाइट व नाइस हे जुने खडक लागतात. त्यांतील फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक या खनिजांतून फ्लोराइड सुटते. यवतमाळ आणि नांदेडच्या काही भागांतही हा प्रश्न आहे.

कॅल्शियमचा भाग इथे कळीचा आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडशी संयोग पावून खाली बसते. सोडियम बायकार्बोनेट वाढले आणि कॅल्शियम घटले, की फ्लोराइड पाण्यातच राहते. म्हणून ज्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात ते अनेकदा कमी सापडते, आणि चवीला गोड, साबणाला फेस देणाऱ्या हलक्या पाण्यात जास्त. म्हणजे बायाबापड्या ज्या कसोटीवर पाणी पारखतात, तीच इथे चुकीच्या हातपंपाकडे नेऊ शकते.

भारतीय मानकानुसार (आयएस 10500) फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसेल तरच 1.5पर्यंत सूट. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी दात घडण्याच्या वयात मुलांच्या पोटात जात राहिले, तर दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात. मात्रा मोठी आणि काळ लांब असेल तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. हाडांत साठलेल्या फ्लोराइडने एकदा आलेला बाक औषधाने सरळ होत नाही.

उपायांतली गल्लत मला सर्वांत घातक वाटते. टीसीएल फ्लोराइडला हात लावत नाही. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि चुना वापरणारी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची ‘नलगोंडा पद्धत’ चालते. पण मात्रा रोज पाण्याप्रमाणे ठरवावी लागते आणि उरलेल्या गाळाची नीट विल्हेवाट लावावी लागते. देखभालीची नेमकी जबाबदारी कोणावर नसेल, तर अशी यंत्रणा उद्घाटनानंतर फार काळ टिकत नाही.

म्हणून माझ्या मते पहिला उपाय गाळणीचा नाही, स्रोत निवडीचा आहे. प्रत्येक बोअरची रासायनिक तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर व्हावी, अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या हातपंपाला लाल रंग द्यावा. त्याचे पाणी धुण्याभांड्यांना वापरता येईल. पिण्यास व स्वयंपाकास मात्र तपासलेली, संरक्षित विहीर किंवा नळयोजनेचे पाणीच द्यावे, आणि त्यात प्रथम अंगणवाडीचा घडा भरावा.